वळताना पुढून ‘खट्ट’ आवाज : ट्रॅक्टर गॅरेजला नेण्याआधी घरी काय बघायचं



पेरणी तोंडावर आली आहे. रोटाव्हेटर, खताच्या खेपा, बियाणं आणणं, सगळं एकदम येणार. गेल्या पंधरा दिवसांत मला पिकाच्या फोटोंपेक्षा ट्रॅक्टरचेच व्हॉइस मेसेज जास्त आले. बहुतेकांचा प्रश्न एकच : “सर, वळवताना पुढून खट्ट आवाज येतोय, काय असेल?” मी शेतीची पदविका घेतलेला माणूस, मिस्त्री नाही. पण अवजार बँकेचे ट्रॅक्टर माझ्याकडे असतात, त्यामुळे त्यांच्याखाली वाकून बघणं हेही कामातच येतं. प्रत्येकाला वेगळं उत्तर देण्यापेक्षा एकदाच सविस्तर लिहितोय. मेसेज लांब आहे, सेव्ह करून ठेवा.

*आधी हे वाचा*

खालीलपैकी एक जरी गोष्ट दिसली, तर ट्रॅक्टर रस्त्यावर काढू नका. मिस्त्रीलाच घरी बोलवा.

– स्टिअरिंगच्या दांड्याचा बॉल जॉइंट हाताने वरखाली हलतोय, किंवा त्याच्या नटातली स्प्लिट पिन गायब आहे.
– पुढच्या चाकाचे नट ढिले आहेत, किंवा एखादा बोल्ट तुटलाय.
– पुढचा एक्सल इंजिनाला धरून ठेवणाऱ्या जाड बिडाच्या भागाचे बोल्ट ढिले आहेत.

कारण सरळ आहे. बॉल जॉइंट निसटला की ते चाक मोकळं होतं, स्टिअरिंग फिरवून काही उपयोग नसतो. ट्रॅक्टरच्या पुढच्या चाकांना सहसा ब्रेकही नसतो. मागे भरलेली ट्रॉली असेल तर ती ढकलतच राहते. आपल्याकडे त्या ट्रॉलीत मजुरीवरून परतणाऱ्या बायका आणि पोरं बसलेली असतात. ट्रॉलीत माणसं बसवूच नयेत, पण बसतात हे आपण सगळे जाणतो. म्हणून हे सगळ्यात वर लिहिलं.

आता शोध कसा घ्यायचा ते बघू.

*ट्रॉली सोडा आणि मोकळ्या जागेत दोन गोल मारा*

ही पहिली पायरी बरेच जण सोडून देतात आणि मग नको तो पार्ट बदलला जातो. ट्रॉली आणि अवजार काढा. खळ्यावर किंवा सपाट मोकळ्या जागेत अगदी हळू एक गोल डावीकडे, एक उजवीकडे मारा. फोर व्हील ड्राइव्ह असेल तर ते बंद ठेवा.

ट्रॉली सोडल्यावर आवाज गेला, तर दोष पुढच्या एक्सलमध्ये असण्याची शक्यता कमी. ट्रॉलीचं कडं आणि हुकाची पिन झिजली की वळताना तिथे दणका बसतो. तो लोखंडातून असा पुढे येतो की सीटवर बसलेल्याला पुढूनच वाटतो. एका सभासदाचे पुढचे दोन्ही बॉल जॉइंट बदलून झाले आणि आवाज तसाच राहिला. शेवटी हुकाची पिन बदलली, तिथे शांत झालं. पिन स्वस्त, जॉइंट महाग, आणि आधी काय बदललं ते बघा.

गोल मारताना आवाज *कधी* येतो याकडे कान द्या. ‘कसा’ येतो हे शब्दात सांगणं अवघड असतं. एकाचा ‘खट्ट’ तो दुसऱ्याचा ‘कडकड’. पण ‘कधी’ येतो हे नेमकं सांगता येतं, आणि निम्मं निदान तिथेच होतं.

स्टिअरिंग डावीकडून उजवीकडे फिरवतानाच एकदा खट्ट होतं, गाडी उभी असली तरी होतं : दांडे आणि बॉल जॉइंट बघा.
चाकाच्या प्रत्येक फेऱ्याला येतो, वेग वाढला की आवाजही भरभर येतो : चाकाचे नट, हबचं बेअरिंग.
वळताना एक चाक खड्ड्यात किंवा बांधावर गेलं की येतो : सेंटर पिन, किंग पिन.
स्टिअरिंग पूर्ण वळवल्यावर टोकालाच येतो : चाक थांबवणाऱ्या स्टॉपरला टेकत असेल. हा बहुतेक वेळा दोष नसतो. फक्त टायर कुठे घासत नाही ना, पुढची वजनं ढिली होऊन हलत नाहीत ना, एवढं बघून घ्या.
फोर व्हील लावल्यावरच येतो : त्याबद्दल खाली वेगळं लिहिलंय.

*सर्वात आधी व्हील पाना घ्या*

जॅक लावायच्या आधी दोन्ही पुढच्या चाकांचे नट पान्याने तपासा. नटाभोवती तांबड्या गंजाची रेघ ओघळलेली दिसली, किंवा बोल्टच्या भोकाभोवती लोखंड चकचकीत झालेलं दिसलं, तर ते चाक हलत होतं असं समजा. पंक्चर काढून आणलेल्या चाकाचं हे हमखास होतं. टायरवाला घाईत बसवतो, आपण परत तपासत नाही.

पुढच्या एक्सलची रुंदी कमी-जास्त करता येणारा ट्रॅक्टर असेल, तर त्या सरकणाऱ्या भागाचे बोल्टही बघा. आंतरमशागतीसाठी आपण ओळीच्या अंतराप्रमाणे चाकं आत-बाहेर घेतो. घेतल्यावर बोल्ट आवळतो, पण दोन-चार तास काम झाल्यावर पुन्हा आवळायला विसरतो. आतला भाग बाहेरच्या नळीत हलायला लागला की प्रत्येक वळणाला खट्ट. यात एकही पार्ट खराब झालेला नसतो, फक्त पाना लागतो. मात्र असाच चालवत राहिलात तर भोकं लांबट होतात, मग खर्च येतो.

*दोन माणसं आणि एक मोबाइल*

आता दांडे. दोन्ही पुढच्या चाकांना जोडणारा आडवा दांडा म्हणजे टाय रॉड. त्याच्या टोकांना बॉल जॉइंट असतात. जुन्या मेकॅनिकल स्टिअरिंगला शिवाय स्टिअरिंग बॉक्सकडून येणारा लांब दांडा (ड्रॅग लिंक) असतो, पॉवर स्टिअरिंगला त्याच्या जागी ऑइलचा सिलेंडर असतो.

ट्रॅक्टर सपाट जागी उभा करा. चाकं जमिनीवरच राहू द्या. न्यूट्रल, हँडब्रेक, मागच्या चाकांना पुढून-मागून दगड. एक जण सीटवर बसून स्टिअरिंग वीतभर डावीकडे, वीतभर उजवीकडे हलवेल. मेकॅनिकल स्टिअरिंग असेल तर इंजिन बंद ठेवा. पॉवर स्टिअरिंग असेल तर इंजिन अगदी हळू चालू ठेवावं लागेल. अशा वेळी दुसऱ्याने चाकाच्या बाजूला, अंतर ठेवून उभं राहायचं. हात आत घालायचा नाही. पॉवर स्टिअरिंगचा जोर बोट वाचवत नाही.

वाकून दिसत नसेल तर मोबाइल जमिनीवर विटेला टेकवून ठेवा आणि स्लो मोशनमध्ये व्हिडिओ काढा. ही युक्ती फार कामाची आहे. डोळ्याला जे चटकन दिसत नाही ते व्हिडिओत स्पष्ट दिसतं : दांडा आधी सरकतो आणि चाक नंतर हलतं. मधला जो क्षण मोकळा जातो तोच तुमचा ‘खट्ट’. ज्या जॉइंटमध्ये हे दिसेल तो झिजला.

दुसरी गोष्ट बघायची ती जॉइंटची खालची पिन. ती चाकाच्या आर्मच्या भोकात घट्ट बसलेली असते. तिथेच हालचाल दिसत असेल तर जॉइंट चांगला असूनही नट ढिला आहे. नट आवळल्यावर स्प्लिट पिनचं भोक जुळत नसेल, तर नट *मागे* फिरवून जुळवू नका, थोडा पुढे आवळून पुढची खाच जुळवा. आणि स्प्लिट पिनच्या जागी तार किंवा खिळा घालू नका. नवीन पिन हार्डवेअरच्या दुकानात चिल्लर पैशांत मिळते.

*किंग पिन की बेअरिंग?*

दांड्यांत काही सापडलं नाही तर आता जॅक. अवजार लावलेलं असेल तर जमिनीवर टेकवा. एका बाजूच्या चाकाजवळ, एक्सलखाली जॅक लावा. चाक जमिनीपासून बोटभर सुटलं की पुरे. लगेच एक्सलखाली भक्कम लाकडी ओंडका किंवा स्टँड द्या. विटा लावू नका, वजन आलं की वीट फुटते. लक्षात ठेवा, ट्रॅक्टरचा पुढचा एक्सल मधल्या पिनवर तराजूसारखा झुलतो. त्यामुळे नुसत्या जॅकवर ट्रॅक्टर कधी कलेल याचा भरवसा नाही. खाली जाऊन झोपायचं नाहीच.

आता चाक वरून आणि खालून धरा, म्हणजे घड्याळात १२ आणि ६ जिथे असतात तिथे, आणि ढकला-ओढा. हललं, तर प्रश्न दोनातला एक : हबचं बेअरिंग ढिलं आहे, की किंग पिनचा बुश झिजलाय. चारचाकी गाडीत दुसऱ्याला ब्रेक दाबायला सांगून हे ओळखतात. ब्रेक दाबल्यावर हालचाल थांबली तर बेअरिंग. आपल्या ट्रॅक्टरला पुढे ब्रेक नसेल, तर ही युक्ती चालत नाही. म्हणून दुसऱ्या माणसाने चाकाच्या मागून बघायचं. फक्त चाक आणि हब हलतोय, मागचा आर्म स्थिर आहे : बेअरिंग. चाक, हब, आर्म सगळं मिळून एक्सलच्या टोकाशी हलतंय : किंग पिनचा बुश.

मग तेच चाक हाताने गरगर फिरवा. घरघर आली, मध्ये अडकल्यासारखं वाटलं, तर बेअरिंग खराब. नुसतं ढिलं असेल तर मिस्त्री नट आवळून बसवून देतो, दरवेळी नवीन लागतंच असं नाही. ते आवळणं मात्र अंदाजाने घरी करू नका. जास्त आवळलं की बेअरिंग गरम होऊन जळतं.

शेवटी टायरखाली पहार घालून चाक वर उचलून बघा. वरखाली खट्टकन हललं, तर किंग पिनवरचं वजन पेलणारं थ्रस्ट बेअरिंग किंवा वॉशर गेलंय.

सेंटर पिनसाठी जॅक एक्सलखाली न लावता पुढच्या बिडाच्या सपोर्टखाली लावावा लागतो, म्हणजे दोन्ही चाकं लोंबकळतात. मग पहारेने एक्सल पुढे-मागे, वर-खाली हलवून बघतात. हे घरी करू नका असंच मी सांगेन, जड काम आहे. आपण एवढंच करायचं : ट्रॅक्टर उभा असताना त्या सपोर्टचे बोल्ट पान्याने तपासायचे. पुढे लोडर लावलेल्या ट्रॅक्टरवर हे बोल्ट ढिले होण्याचं प्रमाण जास्त असतं. लोडरवाल्यांनी हे काम महिन्याच्या यादीतच घ्यावं.

*पार्ट बदलण्याआधी ग्रीस*

किंग पिन किंवा सेंटर पिनमध्ये ढिलाई फार नाही, पण वळताना करकर-कट्ट होतं, स्टिअरिंग जड लागतं : तिथे बऱ्याचदा ग्रीसच पोचलेलं नसतं. “सर, ग्रीस तर मारलं होतं” हे उत्तर मी नेहमी ऐकतो. गन दाबल्यावर ग्रीस निपलच्या बाहेरच गोळा होत असेल तर ते आत गेलेलंच नाही. निपल चोंदलेला आहे. तो काढा, डिझेलमध्ये धुवा, नाहीतर नवीन बसवा.

किंग पिनला ग्रीस मारताना चाक जॅकवर उचललेलं असावं. वजन जमिनीवर असताना खालचे दोन पृष्ठभाग एकमेकांवर घट्ट दाबलेले असतात, त्यांच्यामध्ये ग्रीस शिरतच नाही, आणि झीज तिथेच होते. चाक उचलून, स्टिअरिंग थोडं इकडे-तिकडे फिरवत, जुनं काळं ग्रीस बाहेर पडून नवीन दिसेपर्यंत मारा. किती तासांनी मारायचं ते ट्रॅक्टरच्या पुस्तिकेत दिलेलं असतं. भाताच्या चिखलणीत किंवा ओढ्यातून काम असेल तर पुस्तिका बाजूला ठेवा आणि रोज संध्याकाळी मारा. चिखलाचं पाणी बुशमध्ये शिरलं की ते कानसच होतं.

*फोर व्हीलवाल्यांसाठी*

हल्ली आपल्या गटात फोर व्हीलचे ट्रॅक्टर वाढलेत, आणि डांबरी रस्त्यावर, कारखान्याच्या यार्डात, फोर व्हील लावूनच वळवणारेही वाढलेत. त्यातून येणारा ‘धडाक’ आवाज हा दोष नसून वापराची चूक असते. वळताना पुढची चाकं मागच्यांपेक्षा मोठ्या गोलातून जातात, म्हणजे त्यांना जास्त अंतर कापायचं असतं. पण फोर व्हील लागलं की पुढची-मागची चाकं गिअरने एकमेकांना बांधलेली असतात. मऊ रानात टायर थोडा घसरतो आणि हिशोब मिटतो. कडक रस्त्यावर घसरायला जागा नसते. मग तो पीळ शाफ्टमध्ये आणि गिअरमध्ये साठत जातो आणि एकदम सुटतो. तोच धडाका. टायर लवकर झिजतात ते वेगळंच.

म्हणून डांबरीवर आणि कडक खळ्यावर फोर व्हील बंद. बंद केल्यावर आवाज गेला तर बहुतेक हेच कारण. मऊ रानात, फोर व्हील लावून, कामाच्या लोडवर वळतानाही कडकड येत असेल, तर मात्र पुढच्या एक्सलचे गिअर किंवा जॉइंट बघायला हवेत. आधी पुढच्या एक्सलच्या ऑइलची पातळी बघा. ऑइल दुधाळ दिसलं तर आत पाणी गेलंय, ते बदलेपर्यंत चालवू नका. अजून एक : फक्त पुढचे किंवा फक्त मागचे टायर वेगळ्या मापाचे बसवले असतील तरी हाच पीळ पडतो. “दुकानात तेच शिल्लक होते” म्हणून घेतलेला टायर पुढे गिअरवर निघतो.

*पिकअपवाल्यांना थोडक्यात*

भाजीपाल्याची पिकअप किंवा छोटा हत्ती असेल तर पाट्याच्या गाडीत पाट्याचे बुश, शॅकल, यू-बोल्ट आणि किंग पिन बघायला सांगा. स्प्रिंगच्या गाडीत बॉल जॉइंट, खालच्या आर्मचे बुश, आणि शॉकअपचं वरचं माउंटिंग. हे माउंटिंग गेलं की गाडी उभी असतानाही स्टिअरिंग फिरवलं की स्प्रिंग ‘टंग’ करून उडी मारते.

घरची कार पुढच्या चाकांवर चालणारी असेल, आणि पूर्ण वळण घेऊन अॅक्सिलरेटर दिला की कट-कट-कट येत असेल, तर बहुतेक बाहेरचा ड्राइव्ह शाफ्ट जॉइंट असतो. चाकाच्या आतल्या बाजूला ग्रीस उडालेलं आणि रबराचं बूट फाटलेलं दिसेल. नुसतं बूट फाटलंय, आवाज अजून नाही, अशा वेळी लगेच बूट बदललं तर जॉइंट वाचू शकतो. पण मागच्या चाकांवर चालणाऱ्या पिकअपला पुढे ड्राइव्ह शाफ्ट नसतोच. तिच्या बिलात हा जॉइंट लिहिलेला दिसला तर शांतपणे विचारा, “कुठे बसवला, दाखवा.”

*मिस्त्रीकडे गेल्यावर*

“पुढून आवाज येतो, बघा” असं सांगू नका. “उभ्या गाडीत स्टिअरिंग फिरवलं की डाव्या बाजूला येतो, ट्रॉली सोडली तरी येतो, चाकाचे नट घट्ट आहेत” असं सांगा. आणि काढलेला व्हिडिओ दाखवा. चांगल्या मिस्त्रीला हे आवडतं. ज्याला आवडत नाही त्याच्याबद्दल मी काय बोलणार.

बदललेले जुने पार्ट परत मागा. झिजलेला बॉल जॉइंट किंवा आर्म वेल्डिंग करून देतो म्हटलं तर नको म्हणा. नांगराच्या फाळाला वेल्डिंग ठीक आहे, स्टिअरिंगला नाही. वेल्डिंगच्या बाजूचं लोखंड ठिसूळ होतं आणि एक दिवस कल्पना न देता तुटतं.

टाय रॉडचा जॉइंट बदलला की चाकांची सरळ रेषा बिघडते, ती पुन्हा जुळवून घ्या. घरी तपासायचं असेल तर चाकं सरळ करून दोन्ही पुढच्या टायरांच्या मधोमध, पुढच्या बाजूला, हबच्या उंचीवर खडूने खूण करा आणि टेपने अंतर मोजा. मग ट्रॅक्टर पुढे सरकवून त्याच खुणा मागच्या बाजूला, त्याच उंचीवर आणा आणि परत मोजा. साधारणपणे पुढचं अंतर मागच्यापेक्षा किंचित कमी लागतं, किती मिलिमीटर ते पुस्तिकेत असतं. पुढचं अंतर जास्त आलं, किंवा फरक बोटभर आला, तर टायर एका हंगामात खाल्ले जातील.

ज्यांना अजून शंका असेल त्यांनी मला २०-३० सेकंदांचा व्हिडिओ पाठवा. सोबत चारच गोष्टी लिहा : टू व्हील की फोर व्हील, आवाज कधी येतो, ट्रॉली सोडून बघितलं का, शेवटचं ग्रीस कधी मारलं. नुसता “आवाज येतो” असा व्हॉइस मेसेज नको, त्यात मागे बैलाच्या घुंगरांचाच आवाज जास्त असतो. सकाळी शेतावर असतो, व्हिडिओ संध्याकाळी ७ नंतर बघतो. सुरुवातीला लिहिलेल्या तीन गोष्टींपैकी काही दिसलं तर मात्र वाट बघू नका, केव्हाही फोन करा.

– तुमचा, कंपनीचा कृषी अधिकारी